हात बसेपर्यंत

१

पूलच्या मॅचच्या आधी टेबलावर सरावाला पाच मिनिटं. फक्त पाच. हा नियम ज्यानं काढला तो माणूस मला एकदा भेटू दे, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाच मिनिटांत काय होतं, सांगा ना. चहा होतो. माझा हात बसत नाही. सुरुवातीचे शॉट मी असे मारतो की बघणाऱ्याला वाटावं, ह्यानं क्यू आजच हातात धरलाय. व्हाईट बॉल भलतीकडंच जातो. साधा सरळ बॉल पॉकेटच्या तोंडापर्यंत जातो आणि तिथं थांबतो, मुद्दाम थांबल्यासारखा. मग हळूहळू कोपर ऐकायला लागतं. मग मान. आणि मग एकदम, कुठून ते कळत नाही, हात बसतो. एकदा बसला की सांगलीत मी कुणाला ऐकत नाही.

पण बसेपर्यंत मॅच संपलेली असते ना. सांगली आणि सातारा, दोन जिल्ह्यांतून मिळून एकच जण पुण्याला राज्य स्पर्धेला जातो. तीन वर्षं मी पहिल्याच फेरीत घरी आलो. तीन वर्षं! लोक पाठीवर हात ठेवून म्हणतात, सुमंत, प्रॅक्टिसमध्ये वाघ आहेस तू. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. प्रॅक्टिसमधल्या वाघाला कोण पुण्याला नेतं?

गेल्या वर्षी मला हरवलं ते कडेगावच्या शंभूराजनं. हा पठ्ठ्या सकाळी उसाला पाणी सोडून मोटरसायकलवर निघतो, हेल्मेट काढतो, भिंतीवरचा हाताला येईल तो क्यू उचलतो आणि ब्रेकचा पहिला शॉट मारतो. सरावाची पाच मिनिटंसुद्धा घेत नाही, तेवढ्यात वडापाव खातो. मी चिडून विचारलं होतं त्याला, तुझा हात लगेच कसा काय बसतो. त्यानं खरंच विचार केला, स्वतःच्या पंज्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "गड्या, बसायला तो गेला हुता कुठं? हितंच हाय की."

२

मी विश्रामबागला राहतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो, दुपारी बाराला लॉगिन. म्हणून सकाळी दहाला क्लबवर. टायर रिमोल्डच्या दुकानावरती पहिला मजला, दोन टेबलं, सकाळी कुणी नसतं. खालून हवा भरायच्या मशीनचा आवाज येत राहतो, सुरू झाला की टेबलावरचे बॉल किंचित थरथरतात.

क्लब लालासाहेबांचा. रहिमतपूरकडचे, फौजेतून निवृत्त. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्डची खोली असायची, ती सांभाळायचं काम वीस वर्षं केलेलं. टेबलाचं कापड ब्रश करताना बघावं त्यांना, घोड्याला खरारा करतात तसं. बोलणं कमी. आणि माणूस कधी बसत नाही. डबासुद्धा खिडकीशी उभ्यानं खातात. फौजेची सवय असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

रोजचा क्रम ठरलेला. मी बॉल लावायचे, एकट्यानंच खेळत सुटायचं. ते काउंटरपाशी उभे. मधूनच विचारायचे, "बसला का?"

मी म्हणायचो, अजून नाही.

थोड्या वेळानं परत, "बसला का?"

आणि हात बसला की मी ओरडून सांगायचो, बसला! मग ते मान हलवायचे, आणि एकदा भिंतीकडं नजर टाकून आपल्या कामाला लागायचे. भिंतीशी खेळाडूनं बसायची खुर्ची होती. काळ्या रेक्झिनची, जाड गादीची. बसलं की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. उठलं की गादी सावकाश वर यायची, दहाएक सेकंद लागायचे.

३

यंदा मी ठरवलं, रडायचं नाही, मोजायचं. हात बसायला नक्की किती वेळ लागतो? मोबाईल कपाटावर टेकवून ठेवला आणि रोजचा सराव रेकॉर्ड करायला लागलो. एक्केचाळीस मिनिटं. त्रेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. परत बेचाळीस.

मला तर आनंदच झाला. काहीतरी आकडा आहे म्हणजे उपाय आहे.

राजेश्वरी म्हणाली, असं नसतं काही. राजेश्वरी म्हणजे माझी मैत्रीण. नुसती मैत्रीण म्हटलं की ती चिडते, पण ते असू दे. ती मिरजेला फिजिओथेरपी शिकते. तिचं म्हणणं, स्नायू गरम व्हायला दहा मिनिटं पुरतात, अंदाज यायला अजून पाच धर. बाकीची सत्तावीस मिनिटं तुझ्या डोक्यात आहेत, सुम्या. मी म्हटलं, डोक्यात तर डोक्यात, बेचाळीस म्हणजे बेचाळीस, तू ये आणि मोज. भांडणच झालं. शेवटी ती म्हणाली, मला व्हिडिओ दे, कुठला स्नायू आखडतोय ते तरी बघते.

मी पाठवले. सात दिवसांचे सात.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. आई शेजारी गेली होती. राजेश्वरी नेहमी आल्या आल्या फ्रिज उघडते, त्या दिवशी उघडला नाही. सरळ लॅपटॉप लावला.

"तू कुणाबरोबर खेळत होतास?"

एकटाच, मी म्हटलं. दिसतंय की.

"मग बसतोस कशाला?"

मी म्हटलं, कुठं बसतो, मी बसतच नाही. चाळीस मिनिटं सलग उभा असतो, पाय दुखतात माझे. तिनं व्हिडिओ सुरू केला.

स्क्रीनवर मी शॉट मारला, चुकलो. आणि बाजूला झालो. क्यू दोन पायांच्या मधे उभा धरून खुर्चीवर बसलो. फुस्स. अकरा सेकंद. मग उठलो, टेबलाशी आलो, शॉट मारला, चुकलो. परत जाऊन बसलो. चौदा सेकंद. प्रत्येक चुकीनंतर. जशी समोरच्याची पाळी आली की आपण बसतो, तसा.

मला ह्यातलं काहीही आठवत नव्हतं. खरं सांगतो, काहीही.

मी लगेच कारणं द्यायला लागलो. मॅचची सवय झाली असेल. विचार करत बसत असेन. दम खात असेन. राजेश्वरी ऐकत होती. मग तिनं चित्र मोठं केलं, माझा चेहरा.

"डोळे बघ."

मी खुर्चीवर बसलेलो, आणि माझे डोळे हलत होते. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन सावकाश उजवीकडं. मग थांबले. थोडे खाली आले, कुणीतरी शॉटला वाकलं की आपली नजर जशी खाली येते, तसे. मग झटकन पॉकेटकडं. मग परत वर.

टेबलावर बॉल जागच्या जागी. एकही हललेला नव्हता. टेबलाभोवती कुणी नव्हतं.

बेचाळीस मिनिटांच्या आसपास मी खुर्चीतून उठलो, आणि त्यानंतर परत बसलो नाही. तिथून पुढं सगळे शॉट बसत गेले, एकामागून एक, काय सुंदर. माझा राग थोडा उतरला. मी तिला म्हटलं, हे बघ ना, हे बघ, हा खरा माझा खेळ.

ती खेळाकडं बघत नव्हती. बोटानं तिनं स्क्रीनच्या कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. मी उठून दहा मिनिटं झाली होती. गादी वर आली नव्हती.

५

गादी जुनी आहे, मी म्हटलं. फाटली असेल खालून.

मग तिनं एक प्रश्न विचारला, आणि त्याचा मला अजून राग आहे, कारण तो विचारला नसता तर बरं झालं असतं. म्हणाली, ह्यातला एखादा शॉट सांग, तुला आठवतो तसा.

सोपं होतं. पिवळा बॉल, मधलं पॉकेट, फार बारीक कट. मी सांगायला लागलो. मी वाकलोय, उजवं कोपर उंच आहे, पाठ सरळ आहे, शर्ट वर चढलाय, कॉलरचं लेबल उलटं होऊन बाहेर आलंय...

"कॉलरचं लेबल मागं असतं," राजेश्वरी म्हणाली. "तुला कसं दिसलं?"

मी हसलो. हात बसला की तसंच होतं, सगळे सांगतात. खेळ आपोआप होत राहतो, आपण लांबून बघत राहतो. मोठमोठे खेळाडू सांगतात.

"लांबून म्हणजे कुठून?"

कुठून ते मला माहीत होतं. मी आठवून बघितलं, एकेक शॉट. तीन वर्षांत मी जे जे भारी मारलं, ते ते सगळं मला एकाच बाजूनं आठवत होतं. भिंतीच्या बाजूनं. जरा खालून. बसल्या माणसाला दिसेल तसं.

ती गेल्यावर मी धुवायच्या कपड्यांतून तो शर्ट काढला. लेबल उलटंच होतं.

६

लोक अशा वेळी घाबरतात म्हणे. मला राग आला. मला एवढा राग आला की मी गाडी काढून तडक क्लबवर गेलो. तीन वर्षं मी रात्री जागून ऑफिसचं काम उरकतोय, सुट्ट्या घालवतोय, आईची बोलणी खातोय, आणि खेळतोय कोण?

लालासाहेब टेबल झाकत होते. मी विचारलं, तुम्ही रोज विचारता बसला का, बसला का. कोण बसला का?

ते माझ्याकडं बघत राहिले. "हात," म्हणाले. "दुसरं काय?"

मग भिंतीकडं का बघता?

त्यांनी कापडाच्या घड्या सारख्या केल्या. मी आवाज चढवला, वयानं वडिलांएवढे आहेत, तरी चढवला. तुम्ही का बसत नाही ओ कधी? काय माहीत आहे तुम्हाला?

"फौजंची सवय हाय," ते शांतपणे म्हणाले. "आन् सुमंतराव, मी खेळायचं बी सोडलंय. लय चांगला खेळायचो." खिडकीकडं वळता वळता म्हणाले, "लय म्हंजे लयच चांगला."

बस, एवढंच. ह्या माणसांची ही सवय मला सहन होत नाही. अर्धं बोलायचं आणि खिडकी लावायला जायचं.

मी ती खुर्ची उचलली, जिन्यातनं खाली आणली आणि रिमोल्डवाल्याच्या टायरांच्या ढिगावर फेकून दिली. बसा म्हटलं आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत गेलो. खुर्ची नाही. भिंतीशी नुसती मोकळी जागा. मी ठरवून खेळलो, स्वतःवर नजर ठेवून. चुकलो की मनात म्हणायचो, मी उभा आहे, मी टेबलाशीच आहे. लालासाहेब त्या दिवशी काही विचारत नव्हते. हळूहळू कोपर ऐकायला लागलं. मान सैल झाली. खालचं मशीन सुरू झालं, बॉल थरथरले, आणि मग बारीक कट, लांब कट, सगळं पॉकेटमध्ये. मी खूश. मला वाटलं, गेलं ते सगळं.

घरी आल्यावर आई ओरडली, कुठं लोळून आलास. पाठीला, खांद्यापासून कमरेपर्यंत, भिंतीचा चुना लागला होता.

७

मी खेळणंच सोडायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. राजेश्वरीही तेच म्हणाली. पण का? टेबल मी सोडायचं आणि त्या दुसऱ्यानं काय करायचं? खेळ माझा आहे. चुकतो तोही माझाच.

मी नवीन नियम केला. मोबाईलमध्ये गजर, अडतीस मिनिटांचा. वाजला की क्यू खाली, चॉक खिशात, जिना उतरून रस्त्यावर. खाली उभं राहून रिमोल्डवाल्याशी पाच मिनिटं गप्पा. मग परत वर, परत पहिल्यापासून थंड हातानं.

तीन आठवडे. काय घाण खेळलो मी! दहातले दोन जायचे. सुट्टीच्या दिवशी येणारी मुलं हसायची, वाघाला काय झालं म्हणायची, आणि मी दात ओठ खाऊन पुढचा बॉल लावायचो. पण तिसऱ्या आठवड्यात दहातले चार जायला लागले. चार! आणि ते चारही मला वरून आठवत होते, क्यूच्या मागून, जसे दिसायला पाहिजेत तसे. मी रात्री झोपताना ते चार शॉट आठवत पडायचो. एवढा आनंद मला कधी नव्वद टक्के खेळूनही झाला नव्हता.

आता मला पुण्याचंही तेवढं नव्हतं. मला एक मॅच स्वतःच्या हातानं खेळायची होती. हरलो तर मी हरेन. जिंकलो तर मी.

८

साताऱ्याला पोवई नाक्याजवळ फर्निचरच्या दुकानाखाली तळघर आहे, तिथं निवड स्पर्धा. रविवार, सकाळचे अकरा. यंदा नशीब बघा, पहिल्या फेरीत मला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीतला विट्याचा खेळाडू आलाच नाही, त्याला मामाच्या सोनं गाळायच्या दुकानावर कोईमतूरला जावं लागलं. म्हणजे मी एकही शॉट न मारता थेट फायनलला, समोर शंभूराज. आधी सात फ्रेम, म्हणजे सात डाव, जिंकेल तो पुण्याला.

पंच नानासो होते, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला सरावाची पाच मिनिटं घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, नको. शंभूराजनं वडापाव खाता खाता माझ्याकडं बघितलं आणि हसला, "आता कसं."

मोबाईल बाहेर जमा केले होते. भिंतीवर घड्याळ होतं, पण माझ्या खुर्चीच्या मागं. मी हिशोब केलेला. प्रत्येकाला पाच मिनिटांची एक सुट्टी मिळते, ती मी अडतिसाव्या मिनिटाला घेणार आणि नाक्यावर जाऊन उभा राहणार.

शंभूराजनं चार फ्रेम सरळ घेतल्या. मग पाचवी मी घेतली. कशीबशी, धडपडत, पण घेतली. राजेश्वरी बाकावर बसली होती, तिनं दोन्ही मुठी वर केल्या. सहावी त्याची. सातव्या फ्रेममध्ये मी लागोपाठ पाच बॉल घातले, थंड हातानं, माझ्या हातानं, आणि प्रत्येक वेळी मला क्यूचं टोक नीट समोर दिसत होतं. शेवटचा काळा बॉलही घातला. पाच-दोन. मला एवढा आनंद झाला की मी घड्याळाकडं मान वळवलीच नाही. सुट्टीचं डोक्यातून गेलंच.

आठवीचा ब्रेक शंभूराजचा. मी खुर्चीत बसून बघत होतो. दोन बॉल गेले, तिसरा पॉकेटच्या ओठावर थांबला. माझी पाळी. मी उठायला खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले.

टेबलापाशी मी आधीच उभा होतो.

चॉक लावत होतो, सावकाश. पाठमोरा. मी उठायचा प्रयत्न केला आणि मांड्या कुणी दुसऱ्याच्या असल्यासारख्या पडून राहिल्या. तो वाकला. कोपर उंच, पाठ सरळ. टक् करून आवाज आला आणि बॉल गेला. पुढचा गेला. लोक पुढं सरकायला लागले. पाच-तीन. पाच-चार. माझा निळा शर्ट टेबलाभोवती फिरत होता आणि मी बघत होतो, कारण दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं. शंभूराजला मधे एक फ्रेम मिळाली. मग सहा-पाच. मग सहा-सहा. कुणीतरी शिट्टी मारली.

राजेश्वरी टाळ्या वाजवत नव्हती. ती एकदा टेबलाकडं बघायची, एकदा खुर्चीकडं.

शेवटची फ्रेम. दोघांचेही बॉल संपले होते. काळा पॉकेटपासून वीतभर, व्हाईट सरळ त्याच्या मागं. लहान पोरानंही घातला असता. तो वाकला आणि क्यू मागं घेतला.

पूलमध्ये एक गोष्ट आहे. फाऊल ज्याचा त्यानं सांगायचा. बाही बॉलला लागली, पंचाला दिसलं नाही, तरी आपण होऊन सांगायचं. आणि सांगितलं की पंच उलट विचारत नाही, कारण स्वतःविरुद्ध खोटं कोण बोलतं? काळ्यावर फाऊल म्हणजे व्हाईट समोरच्याच्या हातात. म्हणजे मॅच त्याची.

मी आयुष्यात एवढा चिडलो नव्हतो. जेवढा राग होता तेवढा सगळा छातीतून वर ढकलला.

"फाऊल," मी म्हणालो. "माझी बाही लागली व्हाईटला."

तळघरात सगळ्यांनी ऐकलं. नानासोंनी हात वर केला.

तो थांबला. क्यू तसाच धरून त्यानं मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मला वाटत होतं तो चेहरा कसातरी असेल, कोरा किंवा हसरा. तसं नव्हतं. तो चिडलेला होता. माझ्यापेक्षा जास्त. आणि मला कळलं. तीन वर्षं, रोज बेचाळीस मिनिटं, हा बसून मला चुकताना बघत होता.

९

फाऊल झाल्यावर खेळाडूनं जागेवर जाऊन बसायचं असतं. तो आला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, वळला, आपण मागं न बघता वळतो तसा, आणि गुडघे वाकवले.

वजन होतं. ऊब होती. त्याचे हात खुर्चीच्या हातांवर, माझ्या हातांवर आले. माझी बोटं गार पडलेली, त्याची चांगली गरम.

शंभूराज व्हाईट हातात घेऊन उभा होता, ठेवत नव्हता. खूप वेळ त्यानं काळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नाना, मी ह्याच्या समोर हुबा हुतो. बाही लागली न्हाई."

नानासो म्हणाले, तो स्वतः बोललाय, विषय संपला.

"त्याचं तोंड मिटलेलं हुतं, नाना. मी बघितलंय." डोकं हलवून म्हणाला, "असली मॅच घिऊन मी पुण्याला कुठल्या तोंडानं जाऊ? नगं मला."

शंभूराजसारखा सरळ माणूस मी बघितला नाही. आणि त्या क्षणी मी त्याचा जेवढा राग केला तेवढा कुणाचाच केला नसेल. ठेव ना बाबा व्हाईट. घाल ना काळा. घेऊन जा सगळं.

नानासो खुर्चीपर्यंत आले आणि वाकून बघायला लागले. "सुमंत, तूच सांग. लागली का नाही?"

लागली, मी म्हणालो. लागली, लागली, लागली. मघाशी जो राग वर ढकलला होता तो परत ढकलला, पण पुढं घसाच नव्हता.

"नाही लागली," तो म्हणाला. माझ्या आवाजात, नम्रपणे. "टेन्शनमध्ये बोलून गेलो, नाना. सॉरी."

शंभूराज मनापासून हसला. व्हाईट जिथं होता तिथं त्यानं नीट अंदाज घेऊन परत ठेवला आणि बाजूला झाला. "मार गड्या," म्हणाला. "हात बसलाय तुझा."

अंगावरचं वजन उठलं. ऊबही त्याच्याबरोबर गेली.

काळा गेल्याचा आवाज मी ऐकला. मग टाळ्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज, नानासोंचं मोठ्यानं बोलणं. सगळे त्याच्या खांद्यावर हात टाकून जिन्याकडं निघाले, वर चहा सांगितला होता. राजेश्वरी मागं रेंगाळली. दोन पावलं माझ्या दिशेनं आली. मग वरून कुणीतरी माझ्याच आवाजात तिला हाक मारली आणि ती वळून जिना चढली.

जिन्यावर नानासो त्याला समजावून सांगत होते, पुण्यात सगळं वेगळं असतं, तिथं मॅचच्या आधी सरावाला तब्बल पंधरा मिनिटं देतात, त्याचा नीट वापर कर.

"नको, नाना," तो म्हणाला. "मला आता सराव लागत नाही."